हुकावरचे पंचाहत्तर किलो

आमच्या गाडीच्या हुकावर पंचाहत्तर किलोपेक्षा जास्त वजन येऊ देऊ नये, असं गाडीच्या माहितीपुस्तकात छापलेलं आहे. ते पुस्तक मी रागाच्या भरात माळ्यावर भिरकावलं होतं.

(मला फार राग येतो, असं लोक म्हणतात. असं म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो.)

सगळ्याची सुरुवात इंदिरानगरातल्या एका गाळेवाल्यापासून झाली. सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून मी नोकरी सोडली होती आणि आईच्या काळ्या मसाल्याची मिसळ लोकांना खाऊ घालायची, असं मनाशी ठरवलं होतं. गाळा पसंत पडला. मालक म्हणाला, "मिसळ नको मॅडम, वास येतो. तुम्ही केक-बिक का नाही करत? बायकांना शोभतं ते."

"मला तुमचा गाळाच नको!" मी ओरडले. "मी दुकान चाकांवर काढीन!"

चाकांवर म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. पण एकदा तोंडातून निघालं की निघालं. घरी येऊन यांना सांगितलं. आमचे हे, म्हणजे अनिल, सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते. मिक्सर नवीन आणला तर त्याचा कागद शेवटपर्यंत वाचून झाल्याशिवाय चटणी वाटू देत नाहीत, असा माणूस.

"चाकांवर म्हणजे हातगाडी का?" त्यांनी विचारलं.

"हातगाडी कशाला? आपली गाडी आहे ना! तिच्या मागे एक गाडा जोडायचा!"

आमची गाडी म्हणजे छोटी एसयूव्ही. दिसायला दांडगी, आतून मात्र चार पिशव्यांत भरून जाणारी.  हे उठले आणि गाडीचं पुस्तक घेऊन बसले. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

गाडा बनवायचं काम माझ्या धाकट्या भावानं अंगावर घेतलं. बापू पिंपळगाव बसवंतला द्राक्षं पिकवतो आणि तालुक्यातल्या प्रत्येक वेल्डरला नावानं ओळखतो. त्यानं जो गाठला तो आयुष्यभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवत आलेला. त्यामुळे दोन महिन्यांनी आमच्या सोसायटीच्या फाटकात जे येऊन उभं राहिलं, त्यातून मिसळही विकता आली असती आणि ऊसही वाहता आला असता.

"ताई, लय मजबूत काम हाय," बापू गाड्यावर थाप मारत म्हणाला. "हत्ती चढवला तरी वाकायचं नाय."

त्यात ओटा मी स्टीलचा करणार होते. पण स्टीलवाला दोनदा 'उद्या देतो' म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याच्या दुकानात जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिथून तडक शेजारच्या फरशीवाल्याकडे गेले आणि कडप्पा सांगितला. चांगला जाडजूड, काळाभोर कडप्पा! तो बसवला गाड्याच्या अगदी पुढच्या टोकाला, जिथून दांडी निघून गाडीच्या हुकाला लागते. का? तर तिथं खिडकी होती आणि मला उजेडात काम करायला आवडतं.

यांनी आरटीओचे कागद केले, हूक बसवून घेतला आणि मग पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं.

"हे बघ, यात दोन आकडे आहेत. ओढायचं वजन साडेसातशे किलो. त्यात आपण बसतो. पण हुकावर वरून दाबणारं वजन वेगळं. ते फक्त पंचाहत्तर."

"वजन म्हणजे वजन. त्यात वेगळं काय?" (हे वाक्य सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईचं आहे.)

"अगं, गाडा चाकांवर असतो. पण त्याची दांडी हुकावर टेकते. पुढे जास्त भरलं तर दांडी गाडीचं शेपूट खाली दाबणार. शेपूट दबलं की नाक वर. आणि आपल्या गाडीला जोर पुढच्या चाकांचा आहे."

"कडप्पा काढायचा नाही," मी म्हणाले.

"मी कडप्प्याचं नावही घेतलं नाही."

"पण रोख तिकडेच होता!"

मग यांनी घरातला वजनकाटा आणला. न्हाणीघराबाहेर असतो तो, उभं राहून वजन बघायचा. चार विटा रचून त्यांच्यावर तो ठेवला आणि गाड्याची दांडी त्याच्यावर टेकवली. गाडा रिकामा होता. सुई थरथरली आणि पंचाण्णववर जाऊन थांबली.

"बघ. रिकामाच वीसनं जास्त आहे."

"हा काटाच वीसनं जास्त दाखवतो!" मी म्हणाले. "दोन वर्षं कानीकपाळी ओरडतेय मी! पंचाण्णवातून वीस गेले, राहिले किती? पंचाहत्तर! बसलं की नाही तुमच्या पुस्तकात?"

यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काहीतरी होतं. म्हणूनच पुस्तक माळ्यावर गेलं.

पहिलीच ऑर्डर आली ती बापूच्या सासुरवाडीची. त्याच्या सासूबाईंच्या नातवाचं जावळ होतं, पिंपळगावातच. दीडशे माणसं, सकाळी नऊ वाजता नाश्ता. या सासूबाई म्हणजे साधं प्रकरण नाही. अख्ख्या भावकीत कुणाच्या लग्नात वरण पातळ होतं, हे त्यांना तीस वर्षांनंतरही तोंडपाठ. फोनवर मला म्हणाल्या, "चाकावरची मिसळ का? येऊ द्या. बघू तरी." त्या 'बघू तरी'नं माझी दोन रात्रींची झोप गेली. बापू तर सारखा म्हणत होता, "ताई, माझी इज्जत तुझ्या पातेल्यात हाय."

त्या सकाळी साडेपाचला आम्ही गाडा भरायला घेतला. रश्श्याचं मोठं पातेलं, मटकीच्या उसळीचं पातेलं, दोन सिलिंडर, पाण्याचा ड्रम. मी सगळं ओट्याजवळ लावलं, हाताशी असावं म्हणून.

"चाकांच्या वर ठेवूया का?" हे म्हणाले.

"स्वयंपाकघर कुणाचं आहे?"

"तुझं."

"मग?"

"अगं, पण ते चालत्या गाडीच्या मागे..."

"मला एक शब्द ऐकायचा नाही!"

"बरं. मग मी आता काहीच बोलत नाही," हे म्हणाले. आणि खरंच गप्प झाले. नुसते गप्प नाही, निषेध म्हणून पावाचे ट्रे मांडीवर घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसले. म्हणजे मागच्या वजनात आणखी एक नवरा. गाडी चालवायला मी, शेजारी बापू.

सोसायटीतून बाहेर पडलो तेव्हा अजून झुंजूमुंजू होतं. दिवे लावले. समोरचा रस्ता दिसेना, पण समोरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्याची गॅलरी लख्ख दिसायला लागली. तिथं एक गृहस्थ बनियनवर दात घासत होते. त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"ओ ताई, लाईट खाली करा!"

"खालीच आहेत!" मी काच उतरवून ओरडले. "तुम्ही आत जाऊन दात घासा ना!"

चूळ भरल्यावर ते काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण अंदाज आला. पाथर्डी फाट्याकडे वळताना मी बापूला म्हणाले, "बघ, स्टिअरिंग किती हलकं झालंय! एका बोटानं फिरतंय!"

"लोण्यावानी," बापू म्हणाला.

मागून एक उसासा ऐकू आला. मी आरशात पाहिलं. हे पावाच्या ट्रेकडे बघत होते. पुढची चाकं रस्त्याला जेमतेम शिवत असली की स्टिअरिंग असंच लोण्यासारखं फिरतं, हे त्यांना कळत होतं. पण त्यांनी बोलायचं नाही, असं ठरलं होतं ना!

उड्डाणपुलाच्या चढावर कुणाच्या तरी डंपरची बारीक खडी सांडली होती. चढ लागला, मी पाय दाबला, इंजिन ओरडलं आणि गाडी जागेवर! पुढची चाकं गरागरा फिरतायत, रबराचा वास सुटलाय, खडी टणाटण उडतेय आणि आम्ही इंचभर पुढे नाही. उलट, थोडे मागे. मी हँडब्रेक ओढला. मागे हॉर्नची रांग लागली.

एका रिक्षावाल्यानं जाता जाता सल्ला दिला, "मावशी, उड्डाणपुलावर उडायचं नसतं, चालवायचं असतं!" मी त्याचा नंबर लिहून घेणार होते. पण माझं पेन गाड्यात होतं.

मागे एक पिकअप थांबली होती. शहरात कांदा उतरवून देवळ्याकडे परत निघालेली. तिचा ड्रायव्हर खाली उतरला. पन्नाशीचा, डोक्याला मफलर गुंडाळलेला. त्यानं शांतपणे आमच्या गाडीला एक फेरी मारली, वाकून मागचं बंपर पाहिलं (ते रस्त्यापासून वीतभर उरलं होतं), गाड्याचं दार उघडून आत डोकावला आणि आपल्या अहिराणी वळणानं म्हणाला, "वजन सगळं पुढे शे मावशी. गाडीचं तोंड उचललं गेलंय. तरफेवानी."

तरफ! टेकू मध्ये, भार एका बाजूला, बल दुसऱ्या बाजूला. आठवीच्या किती तुकड्यांना मी फूटपट्टी आणि खोडरबर घेऊन ती शिकवली, याचा हिशेब नाही. आमच्या गाडीची मागची चाकं म्हणजे टेकू, कडप्पा म्हणजे भार, आणि वर गेलेलं टोक म्हणजे मी, बापू आणि इंजिन! मला इतका राग आला! कुणाचा, ते धड कळेना, म्हणून तो त्या भल्या माणसावर काढला.

"मला कळतं! मी विज्ञानाची शिक्षिका आहे!"

"मग तर चांगलं झालं," तो म्हणाला. "थोडं थोडं मागे घ्या. चाकावर येऊ द्या. सगळं नका नेऊ मागे, नाय तर..."

"मला शिकवू नका! बापू, उतर! सगळं मागे ने!"

"सगळं, ताई?"

"सगळं म्हणजे सगळं!"

पातेली, सिलिंडर, ड्रम, जे जे हलवता आलं ते पार मागच्या दाराशी नेऊन लावलं. हे पावाचे ट्रे मांडीवर घेऊन सगळं पाहत होते. एकदा त्यांचे ओठ हलले. मी बोट दाखवलं. ओठ मिटले. पिकअपवाल्यानं मागून ढकलायला हात लावला, गाडी खडीतून निघाली आणि पूल चढली. मी त्याचे साधे आभारही मानले नाहीत. त्याचं वाईट मला अजून वाटतं.

पुलावर गाडी छान चालली. दिवे रस्त्यावर आले. आता मी जिंकले, असं मला वाटलं. आडगाव सोडलं, रस्ता मोकळा झाला, उशीर झाला होता म्हणून मी वेग वाढवला. एक ट्रक झपकन शेजारून गेला आणि त्याच्या वाऱ्यानं गाडा किंचित डावीकडे झुकला. मग उजवीकडे. मग आणखी डावीकडे.

"ताई, मागचं डोलतंय," बापू म्हणाला.

"डोलू दे."

"ताई, लय डोलतंय!"

आरशात एकदा गाडा दिसे, एकदा दिसेनासा होई. आणि प्रत्येक डोलण्याबरोबर आमच्या गाडीचं शेपूट तो आपल्याबरोबर ओढून नेत होता. दांडी आता हुकाला दाबत नव्हती, वर उचलत होती. मागची चाकं रस्ता सोडू बघत होती. शेजारच्या लेनमध्ये एसटी होती.  मी पाय ब्रेककडे नेला.

"ब्रेक नको!" मागून आवाज आला. इतका मोठा आवाज या माणसाला आहे, हे मला अठ्ठावीस वर्षांत कळलं नव्हतं. "फक्त पाय काढ! स्टिअरिंग सरळ धर! काही करू नकोस!"

काही करू नकोस, हे मला उभ्या आयुष्यात कधी जमलेलं नाही. त्या दिवशी जमलं. पाय काढला, दात आवळले, स्टिअरिंग धरून बसले. एसटी पुढे निघून गेली. गाडा आणखी तीन-चारदा हेलपाटला, मग दोनदा, मग एकदा, आणि ओझरच्या अलीकडे आम्ही रस्त्याच्या कडेला येऊन थांबलो.

 बापू अंगारा लावल्यासारखा कपाळावर हात फिरवत होता. मग तो उतरून मागे गेला आणि त्याचा बारीक आवाज आला, "ताई... रस्सा."

पातेल्याचं झाकण उडालं होतं. एक तृतीयांश रस्सा गाड्याच्या भिंतीवर, छतावर, पाण्याच्या ड्रमवर होता आणि दाराच्या फटीतून लाल तर्री रस्त्यावर गळत होती. मी तिथंच रडायला लागले. रागानंच, पण रडायला लागले.

हे उतरले. माझ्याकडे बघून 'मी सांगितलं होतं' असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं! त्यांनी डिकी उघडली आणि आतून टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू काढली. वजनकाटा.

"तुम्ही हा आणलात?"

"म्हटलं, लागला तर."

पातेली चाकांच्या बरोबर वर आली, सिलिंडर किंचित मागे, ड्रम मधोमध. बापू आणि हे सरकवत होते, मी दोऱ्या बांधत होते. मग दांडी सोडवून काट्यावर टेकवली. सुई सत्तरवर थांबली.

"काटा बरोबर असेल तर झालं," हे म्हणाले. मग जरा घुटमळून त्यांनी फरसाणाची पाच-पाच किलोंची चार सीलबंद पाकिटं काट्यावर रचली. सुई वीसवर. अगदी रेघेवर.

म्हणजे काटा बरोबर होता. म्हणजे दोन वर्षं बरोबर होता! बापूला अजून काही कळलं नव्हतं, तो म्हणाला, "वा, काटा एकदम कडक हाय!" मी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो गाडीत जाऊन बसला.

पुढे गाडी यांनी चालवली. पिंपळगावात पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. मांडवात दीडशे माणसं घड्याळाकडे बघत होती आणि सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांची नजर गाड्याच्या मागच्या लाल ओघळांवर गेली आणि त्यांनी किंकाळी फोडली, "अगं बाई! कुणाला उडवून आलात?"

निम्मा मांडव पळत आला. एका म्हाताऱ्या बाबांनी तर टोपी काढून हातात घेतली. मी ओरडून सांगत होते, "रस्सा आहे! रस्सा!" आणि कुणाचा विश्वास बसेना. शेवटी बापूनं ओघळाला बोट लावून चाखून दाखवलं, तेव्हा बायांनी डोळे झाकून घेतले.

"पण रस्सा कमी पडणार," मी सासूबाईंना सांगितलं. आता ऐकून घ्यायची तयारी ठेवली होती. उत्तरंही तयार ठेवली होती, चांगली तिखट.

सासूबाईंनी पदर खोचला. "किती कमी?"

"पन्नास माणसांचा."

"सूनबाई, चूल पेटव. कांदा-खोबरं काढ." आणि माझ्याकडे वळून, "तुमचा काळा मसाला आहे ना बरोबर? मग द्या इकडं. तोंडाकडं काय बघता?"

अर्ध्या तासात त्या बाईनं वाटण भाजलं, वाटलं, माझा मसाला घातला आणि उरलेल्या रश्श्यात मिसळलं. लोकांनी नाकं पुसत, पाणी पीत दोन-दोन ताटल्या खाल्ल्या. सासूबाई पंगतीतून फिरत होत्या आणि प्रत्येकाला सांगत होत्या, "रस्सा माझ्या हातचा हाय बरं का!" माझ्या डोक्यात सणक गेली. तोंड उघडलं. समोर हे हातात पाव घेऊन उभे होते. मी तोंड मिटलं. काहीही न करण्याची दिवसातली दुसरी वेळ.

परतीच्या वाटेवर हे गाडी चालवत होते. गाडा मागे शहाण्यासारखा येत होता. मी ठरवलं, की घरी गेल्यावर यांची माफी मागायची. नीट, शांतपणे. ओझरपासून आडगावपर्यंत मनात वाक्यं जुळवली.

संध्याकाळी हे खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि हळूच म्हणाले, "माझं चुकलं."

"हं?" यांनी पेपर खाली केला नाही.

"माझं चुकलं म्हटलं."

"काय? पंखा चालू आहे, नीट ऐकू येत नाही."

"माझं चुकलं!" मी म्हणाले. "चुकलं माझं! तुमचं ऐकायला हवं होतं! माफी मागतेय मी तुमची, इतका वेळ उभं राहून! कान आहेत की नाहीत? एवढं साधं कळू नये माणसाला?"

दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू होत्या, घाबऱ्याघुबऱ्या, हातात लाटणं तसंच. त्यांच्यामागे जिन्यात वॉचमन.

"काय झालं हो? सगळं ठीक आहे ना?"

"काही नाही, काकू," हे पेपरची घडी घालत म्हणाले. "ही माझी माफी मागतेय."